उजवी बाजू

एप्रिल लागला, एमायोगी नदीवरचा बर्फ तडकून वाहून गेला,
आणि तार्मो सायकल खांद्यावर घेऊन दुकानात आला.
म्हणाला, हँडल वळवलं की कुरकुरतं,
झोपेत कुणी दात खावेत तसं.

हिवाळ्यात बाहेर काढली होतीस?
छे, एक दिवसही नाही.
नगरपालिका रस्त्यावर मीठ टाकते ना,
ते लागू नये म्हणून घरातच.
मागचं चाक काढून यंत्राला जोडली,
नोव्हेंबरपासून एका जागी उभी.
किती चालवलीस?
चार हजार किलोमीटर.
पोचलास कुठवर?
स्वयंपाकघराच्या दारापर्यंतही नाही.

हँडलची पट्टी सोडवायला घेतली, सुटेना.
सुरीने कापली.
आत पांढरं पीठ.
तळघराच्या भिंतीला लोणा लागतो
तसा धातूला लागलेला.
नख लावलं, पापुद्रा निघाला,
पापुद्र्याखाली भोक, मसुराच्या दाण्याएवढं.
एका बोल्टाचं डोकं पान्यात आलं
आणि पान्यातच राहिलं.
छर्रे म्हणजे तर नुसता तपकिरी चिखल.

तीस वर्षं मी तेच सांगते आहे, आता पाठ झालंय:
रस्त्यावर घाम वाऱ्याच्या मालकीचा,
घरात तो सायकलच्या अंगावर येतो.
पंखा लाव, समोरून, मोठा.
हँडलपासून सीटपर्यंत कापड बांध.
उतरलास की आधी तिला पूस, मग स्वतःला,
आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या.
बोल्टांना ग्रीस. महिन्यातून एकदा पट्टी सोडून बघ.
गिऱ्हाईक मान डोलावतं
आणि दार ओलांडलं की विसरतं.
बाहेरच्या मिठापासून वाचवलीस रे,
आणि घरच्या मिठात मुरवलीस, लोणच्यासारखी.

बोलता बोलता दिवा जवळ ओढला
आणि थांबले.
डावीकडचा बोल्ट बोटाने फिरला.
डावा ब्रेक चकचकीत, कालच डब्यातून काढल्यासारखा.
खाल्लं होतं ते सगळं उजवीकडे.
असं होत नाही.
माणूस समोर बघतो,
नाकाच्या शेंड्यावरून थेंब मधोमध पडतो.
काय रे, टीव्ही उजव्या हाताला आहे का?

तो गप्प.
मग हसला, झोप न झालेला माणूस हसतो तसं.
पाळणा, म्हणाला.

मिर्टेल ऑक्टोबरात झाली. रडायची.
दूध नको, खांदा नको, गाणं तर नकोच.
तिची आई जानेवारीपासून इस्पितळात रात्रपाळीला.
एका रात्री वैतागून सायकलवर बसलो,
यंत्राची घरघर सुरू झाली
आणि ही झोपली.
थांबलो की डोळे उघडायची.
मग दोन वाजता, तीन वाजता,
हलक्या गिअरवर, वेग बदलू न देता,
मान वळवून, तिच्याकडे बघत.
पंखा होता घरात.
पण वारं लागलं असतं तिला.

मला काही सुचलं नाही.
पावती लिहायला घेतली:
हँडल एक, छर्रे एक संच, पट्टी, केबल दोन,
बोल्ट चार.
चार खोडून दोन केले.
डावे दोन चालण्यासारखे होते.

मंगळवारी न्यायला आला.
विचारलं, आता झोपते का ती?
रात्रभर, म्हणाला. आता मलाच झोप येत नाही.
मी काउंटरवर घामाचं कापड ठेवलं,
ताणणारं, हुकवालं, एकोणतीस युरोंचं.
त्याने किंमत वाचली
आणि खिशातून एक दुपटं काढलं,
पिवळ्या बदकांचं, धुऊन धुऊन विटलेलं.
तिला आता पुरत नाही.

दोन टोकं हँडलला बांधली, एक सीटखाली,
गाठी लहान मुलाच्या टोपडीला मारतात तशा, सैल.
मी चष्मा लावून पाहिलं.
थोडं उजवीकडे सरकव, म्हटलं.